बाईंचा चढलेला दात

माझे मामा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, मामा त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करायचे आणि मग मेणात एकेक दात बसवायचे. घराची पुढची खोली हाच कारखाना. फळीवर जबड्यांची रांग, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि नंबर. कोणाच्या तोंडात खरं काय आणि बसवलेलं काय, हे एकतीस वर्षांत त्यांनी मामीलाही सांगितलं नव्हतं. मामी म्हणायची, "यांच्या पोटात अख्ख्या गावाचे दात आहेत."

एका सोमवारी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, खुर्चीत बसून सांगत होत्या, "मजुरांच्या पोरांवर वेळ घालवू नका. पास करा आणि बाहेर काढा." खाली लिहिलं होतं, परवाच्या बैठकीत गुपचूप टिपलेलं. आवाज बाईंचा, चष्मा बाईंचा, मान तिरकी करायची सवयही बाईंचीच. दुपारपर्यंत शाळेच्या फाटकाशी पालक जमले. मामीने तो व्हिडिओ बारा जणांना पाठवला आणि म्हणाली, "एवढी गोड बोलायची बया!"

मामांनी तो पाहिला, मग थांबवत थांबवत पुन्हा पाहिला. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला दिसत होता. तो दात बाईंनी चार महिन्यांपूर्वी शेजारच्या तीन दातांसकट काढून टाकला होता. आता तिथे चार सरळ दातांची छोटी कवळी होती, मामांनीच केलेली. शिवाय खालचे दात कधी चार दिसत, कधी सहा. मधली फट बोलता बोलता बुजून जायची. कोणीतरी बाईंच्या जुन्या भाषणावरून कॉम्प्युटरकडून हे सगळं वदवून घेतलं होतं.

मामा मामीला न सांगताच उठले. फळीवरचा एक जबडा कागदात गुंडाळला आणि बाईंच्या घरी गेले.

टेबलावर राजीनामा लिहून ठेवलेला होता.

"तुम्हीही ऐकवायला आलात?" बाईंनी विचारलं.

"नाही. बाई, त्या व्हिडिओत तुमचा जुना दात आहे."

बाईंचा हात आपसूक तोंडावर गेला. त्यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता.

"हे तुमच्या जुन्या दातांचं माप, तारखेसकट. मी कोणाला बोललो नाही. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"माझ्या सुनेलाही माहीत नाही हो," बाई म्हणाल्या. पण त्यांनी जबडा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पालकांसमोर तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला आणि चढलेल्या दातापाशी थांबवला. बाईंनी दात काढल्याचा डॉक्टरांचा कागद दाखवला. तरी मागून कोणी म्हणालं, "कागद काय, कोणीही करून आणतं." तेव्हा बाईंनी कवळी काढून प्लास्टरच्या जबड्याशेजारी ठेवली. "या, बघा," त्या म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत आले. एक जण हसला. पहिल्या रांगेतली एक मजूर बाई उठून टेबलापाशी गेली, नीट पाहून आली आणि म्हणाली, "व्हिडिओतला दात जुना आहे, आताचा हा नाही."

राजीनामा बाईंनी दिलाच नाही. व्हिडिओ कोणी केला ते कळलं नाही. "बोलल्या नसतील, पण मनात असेलच," असं म्हणणारेही उरले, आणि चार मुलं शाळा सोडून गेली ती गेलीच.

मामांना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. ती कवळी त्यांच्या हातून फार छान जमली होती, कोणाला कधी कळली नसती.

मामी दोन दिवस त्यांच्यावर रुसली, आपल्याला सांगितलं नाही म्हणून. मग तिने त्या बाराही जणांना लिहिलं की व्हिडिओ खोटा होता. तिघांनी उत्तर दिलं.