जावयाच्या मशीनचा स्क्रू

माझी अख्खी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. कंडक्टरचा हात बॅगेकडे कसा जातो, एवढ्यावरून मी घोळ ओळखायचो. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. बायको म्हणते, "अवो, मी भाजीत मीठ टाकलं सांगतलं तरी तुमचा इश्वास नाई बसत."

त्यामुळे अकोल्याहून जावई चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन, घेऊन आला, तेव्हा माझे कान टवकारलेच. त्यानं कारखान्यातली बरी नोकरी सोडली होती आणि यंत्रदुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणत होता. एका लाकूड ठेकेदारानं त्याला सहा-सात मशीनपैकी एक दिली होती. हिची ताकद वाढवून दाखव, जमलं तर सगळ्या मशीन दुरुस्तीला कायम तुझ्याकडे, असा शब्द होता. लेकीनं त्या शब्दावर सगळी आशा ठेवली होती. त्यांच्या भाड्याच्या घरात मालक आवाज करू देईना, म्हणून दोघं राजापेठेत आमच्याकडे आली. जावई म्हणजे पाटावर बसवायचा माणूस, आणि हा मागच्या अंगणात पोतं अंथरून बसला.

मी समोरच खुर्ची टाकली. वर्तमानपत्र हातात धरलं, पण वाचलं नाही.

त्यानं सायलेन्सर काढून त्याचं तोंड मोठं केलं. धूर बाहेर पडायच्या भोकाची कड कानशीनं घासली, मग पॉलिश पेपर फिरवत बसला. सिलिंडरखालचं पातळ पॅकिंग काढलं ते परत लावलंच नाही. मी विचारलं, "जवाईबुवा, हे काहून ठेवलं बाजूले?"

"थे काढलं का सिलिंडर खाली बसते, मामाजी. दाब वाढते."

म्हणजे कंपनीवाले वेडे म्हणून ते घालतात! तो आंघोळीला गेला तेव्हा मी पिस्टनवरचा नंबर वहीत उतरवून घेतला. उद्या भलताच पिस्टन बसलेला निघाला तर पुरावा हवा.

शेवटी मशीन जोडून त्यानं सुरू केली आणि कान तिरपा करून कार्बोरेटरचा, पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू जरा जरा फिरवत राहिला. आवाज दणदणीत होता, पण पूर्ण जोरावर भर्र भर्र करत फाटायचा. वर धूर.

"आवाज फाटून राह्यला ना!"

"राहू द्या, मामाजी. आता हवा जास्त जाते, म्हणून पेट्रोलबी जास्त पाह्यजे. त्यानंच थंड राहीन थे. लाकडात घुसली का आवाज सरळ होते."

उत्तर तयार ठेवणारा माणूस मला आधीपासूनच आवडत नाही. दोष झाकतोय, असं मी मनात पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बडनेऱ्याला त्याच्या मावशीला भेटायला गेली. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तो स्क्रू अर्धा फेरा आत पिळला. दोरी ओढून मशीन सुरू केली. धूर गेला, भर्र भर्र गेली, आवाज कसा खणखणीत! अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. कुणाला बोललो नाही. ठेकेदारासमोर चालली की मग सांगू, म्हटलं. जावयालाही कळू दे कुणी नीट केली ते.

अकोल्याजवळच्या एका शेतात वादळानं पडलेला जुना कडुलिंब होता. तिथं ठेकेदार आला, त्याची माणसं आली, लेक आली. मीही गेलो. जावयानं मशीन सुरू केली आणि जरा थबकला. काहीतरी खटकलं असावं. पण ठेकेदाराला घाई. "लावा आता लाकडाले!"

पहिला काप सपकन गेला. माणसं एकमेकांकडे बघून माना हलवू लागली. लेकीच्या तोंडावर हसू मावेना. दुसऱ्या कापात पातं अर्धं आत असताना आवाज एकदम चढला आणि बंद पडला. दोरी ओढली तर हलेना.

जावयानं तिथंच सायलेन्सर उघडला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. तापून तो सिलिंडरमध्ये अडकून बसला होता. मग त्यानं स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूवर ठेवला आणि ओठातल्या ओठात मोजत तो शेवटपर्यंत बंद केला. त्यानं ठेवला होता त्याहून अर्धा फेरा कमी भरला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. मी कडुलिंबाकडे पाहत राहिलो.

"चूक माही हाये," तो ठेकेदाराला म्हणाला. "नवा पिस्टन टाकून देतो."

"राहू द्या. घरी केलेल्या कामाचं असंच व्हते." ठेकेदारानं मशीन उचलून गाडीत टाकली.

लेक सगळ्यांसमोर नवऱ्यावर ओरडली, "बाबा सांगून राह्यले होते ना तुमाले? काहून नाई ऐकलं?" तो हत्यारं गोळा करू लागला. बोलायला हवं होतं ते मी, तिथंच, त्या घटकेला. मी सांडलेला भुसा पायानं सारत राहिलो. नंतर तिनं मला पाण्याची बाटली दिली तरी वाटलं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुकान झालं नाही. जावई आता दुसऱ्याच्या गॅरेजात जातो आणि रविवारी घरी कुणाचं काही दुरुस्त करतो. मागच्या रविवारी, लेकीला सगळं सांगायचंच असं ठरवून मी अकोल्याला गेलो. तो एक पंप उघडून बसला होता. उठला, पाया पडला, स्वतः खुर्ची आणली. "बसा, मामाजी." मग पंपाचे सुटे भाग एकेक करून पेटीत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"अवो, बाबाच तर हायेत!" लेक हसली. "कुलूप कायले?"

"सवय हाये," तो म्हणाला आणि मला गावाकडच्या शेतातल्या कपाशीचं विचारू लागला.

मी चहा संपवला. गाडी पाचची आहे असं सांगून उठलो. गाडी सहाची होती.