अहवालातली ओळ

लढाईत मी लढाऊ विमान चालवले. नंतर चाळीस वर्षे साहसकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्या फाटेपर्यंत फिरल्या. त्यांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही. सांगायचे आहे ते एका वाचक बाईंविषयी.

माझ्या सोबतच्या वैमानिकाच्या त्या पत्नी. गिरगावातल्या चाळीत दिराच्या कुटुंबाबरोबर राहत. लढाई लागली तेव्हा त्यांच्या लग्नाला पाच महिने झाले होते. सीमेपलीकडून परतताना त्याचे विमान माझ्या डावीकडे होते. त्याला गोळा लागला, ते टेकडीवर आदळले आणि पेटले. पॅराशूट उघडले नाही. हे सर्व मी पाहिले. अहवालात मात्र लिहिले, ‘धुरामुळे पुढचे दिसले नाही.’ जे पाहिले ते लिहायला हात धजला नाही, इतकेच. त्या ओळीवर तो बेपत्ता ठरला.

नोकरी सोडून दादरला परतल्यावर मी कादंबऱ्या लिहू लागलो. माझा नायक शत्रूच्या मुलखात पडे आणि नद्या-डोंगर ओलांडून अखेर घरी येई. वाचकांना तेच हवे असे.

बारा वर्षे उलटली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ माझ्याकडे आला. इतकी वर्षे ज्याचा पत्ता नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून क्रिया करावी, असे घरच्यांचे म्हणणे होते. वहिनी ऐकत नव्हत्या.

“तुमची पुस्तकं दाखवते आम्हाला,” तो म्हणाला. “म्हणते, भाऊजींना बोलायची बंदी आहे, म्हणून ते गोष्टींतून कळवतात. आता तुम्हीच येऊन काय ते सांगा.”

मी गेलो. कपाटात माझी सर्व पुस्तके होती. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा.

“ह्यात तो डाव्या पायानं लंगडतो,” वहिनी म्हणाल्या. “फार लागलंय का हो, भाऊजी?”

“वहिनी, ती गोष्ट आहे.”

“हो, हो. तुम्हाला तसंच म्हणायला हवं.” त्या हसल्या. “नका सांगू. चहा घ्या. आणि पुढच्या पुस्तकात त्याला जरा खायला घाला. दोनशे पानं उपाशी हिंडवलात!”

मी चहा घेतला आणि निघालो. पुढच्या कादंबरीत त्याला एका मेंढपाळाच्या घरी जेवू घातले. क्रिया झाली नाही.

यंदा श्रावणात वहिनी गेल्या. मी पोहोचलो तेव्हा बायका आतल्या खोलीत तयारी करीत होत्या. धाकटी जाऊ बाहेर आली. तिच्या एका हातावर हिरवी साडी होती, दुसऱ्या हातावर पांढरी. सवाष्ण म्हणून न्यायचे की विधवा म्हणून, यावर आत एकमत होईना.

“दादाला शेवटचं तुम्हीच पाहिलंत,” दीर मला म्हणाला. त्याचीही सत्तरी उलटली आहे. “तुम्हीच सांगा.”

“हिरवी,” मी म्हणालो.

जाऊ आत गेली. थोड्या वेळाने बांगड्या चढवल्याचा आवाज आला. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दीर मागोमाग आला.

“म्हणजे दादाची क्रिया राहिलीच,” तो म्हणाला.

“टेकडीवर आदळलं. पॅराशूट उघडलं नाही. मी पाहिलं,” मी म्हणालो. “वहिनींना पोहोचवू. मग त्याची करून घे.”

तो कठडा धरून हळूहळू खाली बसला. “केव्हापासून माहीत होतं?” त्याने विचारले.

आतून खांदेकऱ्यांना हाक आली. मी त्याला हात देऊन उठवले.