सोळा मांजरं आणि आत्याची चिमूट

आमची आत्या मांजरांचं खाणं चोरून खाते, अशी गल्लीत बातमी आहे. साफ खोटं. ती फक्त चाखते, आणि लगेच थुंकते. "आपल्याला गिळवत नाही ते त्यांना कसं घालायचं?"

दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत आत्या सोळा मांजरी सांभाळते. तिथे ती सगळ्यांची मावशी. अँटिऑक्सिडंटची पूड खाऊन मांजरींची रोगाशी लढायची ताकद वाढते का, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं. म्हणून आठ जणींच्या खाण्यात पूड, आठ जणींच्या नुसतं पीठ. दर महिन्याला सगळ्यांचं रक्त तपासायचं.

चौथ्या महिन्यात सगळे अहवाल एकदम आले आणि बाई चक्रावल्या. पीठवाल्यांच्या रक्तातही पूड सापडत होती. त्यांनी पीठ तपासलं, पाणी तपासलं, शेवटी पिंजऱ्याचा रंग खरवडला.

आत्या घरी भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोन्ही डबे मीच एकत्र केले. पहिल्याच दिवशी."

"का गं?"

"पिंजरे समोरासमोर. एकीला औषध, दुसरी टकामका बघतेय. हा पंक्तिप्रपंच मला नाही जमत."

"गप्प बस मग. नोकरी जाईल."

"बाई बिचाऱ्या रंग खरवडतायत. उद्या सांगून टाकते."

"पैज. दुपारच्या आत नोकरी गमावून घरी येशील."

"लावली. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

दुसऱ्या दिवशी मीही मागोमाग गेले. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या.

"मावशी, चार महिने मी यांचे ओरखडे खाल्ले."

"मी काय पेढे खाल्ले?"

बाईंनी कागद पसरले. सोळाही जणींचे आकडे जवळजवळ सारखे.

"तोलून घालत होता?"

"चिमटीनं."

बाई बराच वेळ आत्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. "माझ्या काट्यानंसुद्धा इतकं सारखं येत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून करू. आठ जणी वेगळ्या खोलीत, डब्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. चिमूट मात्र तुमचीच."

आत्यानं पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नीघ आता. मला काम आहे."

आज नक्कलबंदीचा नववा दिवस. तिच्यासारखं बोलून दाखवता येत नाही, म्हणून हे लिहून काढलं.