चौकटीवरची गेरूची रेघ

आमच्या शाळेत कबड्डीचा संघ निवडायची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध होती. खेळाच्या सरांनी वर्गाच्या दाराच्या चौकटीवर गेरूची रेघ ओढून ठेवली होती. डोकं रेघेला लागलं तर पोरगा संघात, नाही लागलं तर मैदानावर चुन्याचे पट्टे आखायला. मी दहावीपर्यंत पट्टेच आखले. खेळता कोणाला येतं हे बघायची सरांना कधी गरज पडली नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकून खुर्चीत बसलं की त्यांची निवड चाचणी उरकायची.

मला फक्त खेळायचं होतं हो, दुसरं काही मागत नव्हतो. एकदा हिंमत करून विचारलं, तर सर म्हणाले, "तुले तं कोनीबी खिशात टाकून नेईन." लांबडी पोरं फिदीफिदी हसली.

सावली शहराजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा भरते. लेकी-जावई येतात, घरोघरी मटण शिजतं, नाटक होतं आणि वजनी गटातले कबड्डीचे सामनेही. खेळाडूंचं वजन राइस मिलमधल्या धानाच्या काट्यावर. मी दहावीत होतो त्या वर्षी गावाच्या संघाचा हिरो होता सरांचाच एक ताडमाड लाडका. आदल्या दिवशी पठ्ठ्या बोलावलं त्या प्रत्येक घरी जेवला. सकाळी काट्यानं त्याला गटाबाहेर काढलं. मग त्यानं शर्ट काढला, मिलभोवती धावला, थुंकून थुंकून तोंड कोरडं केलं. मटण काही उतरलं नाही. संघात एक जण कमी पडला आणि पट्टे आखायला मी तिथंच होतो, म्हणून नाक मुरडत मला घेतलं.

समोर सिंदेवाहीकडचे उंच गडी. त्यांनी हात पसरून साखळी केली आणि मी खालून निघून गेलो. लहानपणापासून धानाच्या रोवण्याच्या चिखलात वाकून पाय उचललेले, त्यामुळे वाकून पळायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते शहाणे दिवसभर हवा पकडत बसले. आम्ही जिंकलो. पुढे जिल्हा, मग राज्य, शेवटी टीव्हीवर दिसणारी व्यावसायिक लीग. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी खालपासून वरपर्यंत बघून हसलंच. वरपर्यंत बघायला त्यांना वेळ लागत नसे.

मागच्या वर्षी शाळेनं माझा सत्कार ठेवला. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो मोठे, माझा कोपऱ्यात. सर माइकवर आले आणि निर्लज्जपणे म्हणाले, "या पोराले मीच ओळखलं, पह्यल्या नजरेत." टाळ्या पडल्या. माझं डोकंच सणकलं. शाल खांद्यावर तशीच ठेवून उठलो आणि सरांचा हात धरून त्यांना चौकटीपाशी नेलं. मागून सारी सभा आली.

रेघ होती. तिच्यावर ताजा गेरू ओढलेला होता.

मी पाठ टेकून ताठ उभा राहिलो. डोकं आणि रेघ यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली.

"सर, आजबी लागून नाई राह्यलं. चुन्याचं घमेलं कुठी हाये?"