आमच्या गच्चीवरचं ऊन

लालबागला आमच्या शेजारच्या चाळीतल्या एक बाई माझ्याकडे तीनदा आल्या. मी आमच्या चाळीचा सेक्रेटरी. दर वेळी त्या चपला बाहेर काढत, कठड्याला धरून दम घेत आणि मगच बोलत. त्यांच्या गच्चीवर नव्या टॉवरची सावली पडायची, आमच्या गच्चीवर मात्र दिवसभर ऊन. सोलर पॅनल तुमच्याकडे बसवू, खर्च आणि वीज दोन्ही चाळी वाटून घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. "बघू, मीटिंगमध्ये मांडतो," असं मी दोनदा म्हणालो आणि विसरून गेलो.

तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "नाही म्हणालात तरी चालेल. पण बघू म्हणू नका हो. मला चार जिने चढावे लागतात."

लाज वाटली, तरी मी मीटिंग घेईपर्यंत गणपती येऊन गेले. दहा मिनिटांत सगळे तयार झाले. त्यांना सांगायला गेलो, तर त्यांची चाळ रिकामी होत होती. रीडेव्हलपमेंटसाठी अर्धी बिऱ्हाडं आधीच हलली होती. टेम्पोत सामान चढवणाऱ्या एकाला मी त्या बाईंबद्दल विचारलं.

"कोण बाई? नाव काय त्यांचं?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं.