एक चिन्ह कमी

विश्वनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात जिलबी होती. गिळावी की थुंकावी, कळेना... महिना झाला, अजून बऱ्याच गोष्टी कळत नाहीत.

कॉम्प्युटरचं वारं नुकतंच धारूरपर्यंत पोचलं, तेव्हा खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघांनी एक मशीन मांडलं. विश्वनाथ प्रोग्राम लिहायचा, मी टायपिंग करायचो आणि गिऱ्हाइकांना थापा मारायचो. एका साखर कारखान्याने ऊसतोडीच्या पाळ्या लावायचं काम दिलं. विश्वनाथने त्या प्रोग्रामची परीक्षा घेणारा दुसरा प्रोग्राम लिहिला. हवं ते उत्तर आणि आलेलं उत्तर ताडून तो पास-नापास सांगायचा. बरोबरची (=) दोन चिन्हं दिली की तुलना कडक, अगदी आकड्यामागे सुटलेली मोकळी जागासुद्धा चालायची नाही. एकच दिलं की सैल. हवं ते उत्तर संपेपर्यंत जुळलं, की पास!

कडक तुलनेत ढिगाने शेतं नापास झाली. बहुतेक मोकळ्या जागांपायीच.

"विश्या, लई कडक झालं बे. मोकळ्या जागेपायी कुणी नापास करतंय का?"

"त्यात एखादं खरंच चुकलेलं आसलं तर? एकेक बघू," म्हणून तो जेवायला गेला.

मी एक चिन्ह खोडलं. सगळे पास! कागद थाटात कारखान्यावर पोचवले.

मात्र गट नंबर १ विचारल्यावर प्रोग्राम १२ काढत होता. पहिला आकडा जुळला, म्हणून तोही पास झाला होता. तोडणीची टोळी बारा नंबरच्या शेतात शिरली. तिथला शेतकरी जिना चढून आला. "माझा कवळा ऊस कावून तोडला?"

मी नाटक सुरू करणार, तोच विश्वनाथने हात जोडले. "मामा, चूक माझी हाय. म्याच नीट तपासलं न्हाई."

काम गेलं. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं? दोन्ही उत्तरं मी वर्षानुवर्षं घोळवली.

परवा त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, त्याचं कपाट आवरायला बोलावलं. त्यात त्या प्रोग्रामचा छापील कागद निघाला. मी चिन्ह खोडलं होतं त्या जागी विश्वनाथच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे मी सैल केलं."

वहिनींनी ते वाचलं. "म्हंजे भावजी, चूक ह्यांचीच व्हती तर..."

"न्हाई, वहिनी," मी म्हणालो आणि सगळं सांगायला खाली बसलो.