सात गाठींचा ताका

तय्यबाला कुणी "असंच लिहितात" म्हणालं, की समजावं, आता ही बाई तसं लिहिणार नाही.

१९९१चा जून. विद्यापीठात व्यवसायातल्या माहिती-प्रणालींचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, आणि त्याच्या अर्जावर एक चौकट होती : ‘यातून तुम्हाला काय शिकायचे आहे? पाच उद्दिष्टे लिहा.’ भिवंडीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सावळाराम सरांनी पाचही उद्दिष्टं तयार करून, सायक्लोस्टाइल करून वाटली होती. पहिलंच : ‘आधुनिक तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्राच्या प्रगतीस हातभार लावणे.’

"सर, हे मला शिकायचंय की तुम्हाला?"

"अगं, असंच लिहितात!"

झालं. कागदाची घडी पर्समध्ये गेली ती गेलीच.

घरात अब्बांनी, म्हणजे यूनुसशेठनी, अट घातली होती. अर्ज एकदाच करायचा. नंबर लागला नाही तर मुकाट्यानं बी.एड. करून शाळेत लागायचं. धाकटा चाचा अब्दुर्रहमान तर जेवताना रोज सुरू व्हायचा, "सोळा लूमच्या कारखान्याला कॉम्प्युटर! बकरीला घड्याळ बांधा भाईजान, दूध टायमावर देईल."

"चाचा, बकरीला निदान कुणी विचारतं तरी, दूध का आटलं म्हणून," तय्यबा म्हणाली.

अब्बांचा घास हातातच राहिला. ती कुणाबद्दल बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

फेब्रुवारीत त्यांच्या कारखान्यातले तीन ताके व्यापाऱ्याकडून परत आले होते. ताका म्हणजे मागावरून उतरलेलं लांबलचक सलग कापड, आणि या तिन्हींत हातभर अंतरावर आडव्या पट्ट्या. भिवंडीत प्रत्येक विणकर आपल्या ताक्याच्या काठाला आपल्या रंगाचा दोरा बांधतो. दोरा बघायचा, माणूस धरायचा. तिन्ही ताक्यांना हिरवा होता. हिरवा म्हणजे रामनाथ, नऊ वर्षांचा जुना विणकर.

"शेठ, चार लूम चलाते हैं हम. एक ही में गडबड है," तो म्हणाला होता.

"कुठल्या?" तय्यबानं विचारलं होतं. ती तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि दुपारी कापड तपासायला बसायची.

कुठल्या, ते ताक्यावरून कुणालाच दाखवता येईना. दोरा माणूस सांगतो, लूम सांगत नाही. लूम दुरुस्त करणारा जॉबर पंढरी, दिघाशीचा, कोपऱ्यातून बोलला, "सात नंबर झटके देतंय. मी कवाचा सांगतंय. पन आयकायला कोन हाय?"

अब्बांनी ऐकलं नाहीच. रामनाथ त्याच संध्याकाळी पेटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून तय्यबानं दोऱ्याला गाठी मारायला लावल्या. रंग विणकराचा, गाठी लूमच्या. तिसऱ्या लूमला तीन, सातव्याला सात. विणकर हसले, चाचा तर पोट धरून हसला. आठ दिवसांनी पट्टीवाले पाच ताके निघाले. रामनाथच्या जागी आता दोघं आळीपाळीनं उभे राहायचे : दोन ताके पिवळ्या दोऱ्याचे, तीन लाल. गाठी मात्र पाचही ठिकाणी सात.

पंढरीनं सातवं लूम खोललं. आतलं एक चाक झिजलेलं निघालं. अब्बा तय्यबाला म्हणाले, "रामनाथला पत्र टाक."

पत्ता कुणाकडेच नव्हता. नऊ वर्षं त्यानं कापड विणलं, आणि त्याचं गाव कुठलं हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं.

मुलाखतीला तय्यबा पर्समध्ये कापडाचा एक काठ घेऊन गेली. टेबलामागे दोघं, एक टाय लावलेले प्राध्यापक आणि पिकल्या केसांच्या बाई. प्राध्यापकांनी तिची चौकट मोठ्यानं वाचली.

"‘एक : चूक माणसाची की यंत्राची, हे ठरवायला काय काय नोंदवावं लागतं ते शिकायचं. दोन : ज्याला ठाऊक आहे त्याचं म्हणणं, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं ते शिकायचं. तीन : माणसाला काढण्याआधी त्याचा पत्ता...’ अहो, ही उद्दिष्टं आहेत की गाऱ्हाणं? आणि तीनच?"

"बाकीची दोन मला अजून माहीत नाहीत, सर. माहीत असती तर शिकायला कशाला आले असते?"

बाईंनी हसू दाबलं. प्राध्यापकांनी नाही. त्यांनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "दहा मिनिटं देतो. माहितीपुस्तिकेत नमुना आहे. नीट लिहून आणा, नाहीतर पुढचा उमेदवार."

तय्यबा बाकावर बसली. सावळाराम सरांची घडी पर्समध्येच होती, उघडली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. बी.एड.चं कॉलेज डोळ्यांपुढे येऊन गेलं. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि तीच तीन उद्दिष्टं शब्द न बदलता पुन्हा लिहिली. अक्षर तेवढं मोठं काढलं.

"हे तर तेच आहे!"

"तुम्ही नीट लिहा म्हणालात, सर. दुसरं लिहा नाही म्हणालात." आणि तिनं काठ टेबलावर ठेवला. लाल दोरा, सात गाठी.

बाईंनी तो उचलला, गाठी मोजल्या, सगळी हकिगत विचारून घेतली. शेवटी म्हणाल्या, "यात कॉम्प्युटर कुठे आहे?"

"तो तुमच्याकडे आहे, मॅडम. त्याला विचारायचं काय, ते मी आणलंय."

यादी लागली तेव्हा तिचं नाव तळाला होतं, पण होतं. सरांच्या कागदातलं वाक्य एव्हाना घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. चाचानं पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग, आता करणार का राष्ट्राची प्रगती?"

"करू की." तय्यबानं नवी कोरी वही काढली आणि कारखान्याच्या शेडच्या दारात स्टूल टाकून बसली. "पंढरीदादा, पहिले तुम्ही. गाव, तालुका, टपाल. आणि सात नंबरबद्दल जे कवाचं सांगत होतात, तेही सांगा."

पंढरी हात पुसत आला. "आता लिवून घेनार?"

"लिहून घेणार. चाचा, तुम्हीही रांगेत उभे राहा."